नाकांतील अदृश्य झाडलोट

हाताची जखम भरत आलेली डोळ्यांना दिसते, म्हणून घरचीं माणसें धीर धरतात. नाकाच्या आंतील जखम कोणाला दिसत नाहीं, यामुळें जुनाट सायनसच्या शस्त्रक्रियेस महिना लोटतो न लोटतो तोंच माजघरांत कुजबूज सुरू होते, "एवढा खर्च केला, पण नाक आपलें चोंदलेलेंच!" मग औषधें बंद पडतात आणि चांगल्या शस्त्रक्रियेचें फळ हातचें जातें. यास्तव आंत काय घडतें, तें सुज्ञ वाचकांनीं समजून घ्यावें.

नाकाभोंवतींच्या हाडांत पोकळ्यांच्या चार जोड्या आहेत. त्यांच्या ओलसर अस्तरावर सूक्ष्म लव असते. ती सेकंदास सुमारें १० ते १५ वेळां हलून श्लेष्म्याचा थर पोकळीच्या नैसर्गिक द्वाराकडे ढकलते. गालाच्या पोकळींत हें द्वार वरच्या बाजूस आहे. म्हणजे तेथील झाडलोट चढावर चालते.

न्यूयॉर्कच्या कॉल्डवेल यांनीं १८९३ मध्यें व पॅरिसच्या लूक यांनीं १८९७ मध्यें जी पद्धति सांगितली, तींत वरच्या ओठाआडून हाड उघडून रोगट अस्तर खरवडून काढीत आणि खालीं नवें द्वार पाडीत. परंतु उघड्या पडलेल्या हाडावर पुनः येणारें अस्तर बहुधा वणासारखें व विरळ लवेचें असतें. आणि उरलेली लव तर जुन्या द्वाराचीच वाट धरते! ऑस्ट्रियांतील ग्राट्स येथील मेसरक्लिंगर यांनीं दुर्बिणीनें या वाटांचा अभ्यास केला. त्यावर उभारलेल्या आजच्या शस्त्रक्रियेंत मूळ द्वार मोकळें करून अस्तर शक्य तितकें राखतात.

तरीहि अस्तरास वेळ हवाच. पहिले एकदोन आठवडे रक्ताच्या व श्लेष्म्याच्या खपल्या धरतात, सूज असते. पुढें कांहीं आठवड्यांत कडेचें अस्तर सरकत येऊन जखम झांकतें. लवेचें काम सुधारण्यास मात्र तीन महिने, कधीं त्याहूनहि अधिक लागतात. या काळांत डॉक्टरांकडून खपल्या काढून घेणें, मिठाच्या पाण्यानें नाक धुणें व सांगितलेला फवारा चालू ठेवणें, हीं कामें चुकवूं नयेत. विडी-सिगारेटचा धूर तर घरांतहि नको.

जलनेति आपल्या परिचयाची आहे, म्हणून कोणी नळाचें पाणी तसेंच वापरील. तें सर्वथा टाळावें. अमेरिकेंतील लुइझियाना प्रांतांत २०११ मध्यें अशा पाण्यांतील अमीबा नाकावाटे मेंदूंत शिरून दोघे दगावले. पाणी उकळून निवविलेलेंच घ्यावें.

दृष्टि अंधुक होणें, डोळा सुजणें, रक्त न थांबणें, तीव्र ज्वर व डोकेदुखी किंवा नाकांतून सतत पाण्यासारखा स्राव होणें, यांपैकीं कांहींहि दिसल्यास त्याच घटकेस डॉक्टरांना गांठावें. एरवीं मात्र रोग्यास रोज "बरें वाटतें का?" असें विचारून भंडावण्यापेक्षां त्याचें पाणी उकळून ठेवावें, त्याचा खरा उपयोग आहे.