त्र्यंबकगड, १८१८ : जाब कुणाला विचारायचा?

आजचा धागा एका जुन्या आरोपाविषयी आहे. थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

१८१८ च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलच्या फौजेने त्र्यंबकचा किल्ला घेतला. ती वार्ता पसरताच नाशिक प्रांतातील सतरा किल्ल्यांनी झुंज न देता दरवाजे उघडले. त्यांत कावनई होता, त्रिंगलवाडी होता, हरिहर होता, धोडप होता. हे वाचताना आपल्यापैकी बहुतेकांच्या ओठी एकच शब्द येतो : फितुरी. मला तो शब्द येथे अपुरा वाटतो, आणि काहीसा सोयीचाही. किल्लेदाराला फितूर ठरवले की त्याच्या वरच्या माणसाची चौकशी करण्याची गरज उरत नाही.

प्रथम गड पाहू. त्र्यंबकेश्वराच्या मंदिरामागे उभा असलेला ब्रह्मगिरी हाच त्र्यंबकगड. उंची सुमारे ४,२०० फूट. माथ्याभोवती दोनशे ते चारशे फुटांचा तुटलेला कडा, आणि त्या अवघ्या घेऱ्यात जाण्यायेण्याचे दरवाजे दोनच. १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला. असा गड काही दिवसांत पडावा, हे केवळ तोफांच्या बळावर समजावून सांगता येत नाही. तोफा खऱ्याच होत्या, पण हेच कातळ यापूर्वीही तोफा पाहून चुकले होते.

येथून फार दूर नाही, नाशिकच्या उत्तरेस रामशेज आहे. तो या गडापुढे अगदीच ठेंगणा. तरीही १६८२ पासून जवळजवळ साडेपाच वर्षे औरंगजेबाचे एकामागून एक सरदार त्याच्याखाली हात चोळत बसले. अखेर तो गेला तो लाचेच्या वाटेने. रामशेज इतका काळ का टिकला, याची उत्तरे आपण बहुधा किल्लेदाराच्या शौर्यात शोधतो. ते शौर्य होतेच. पण संभाजी महाराजांनी रूपाजी भोसले आणि मानाजी मोरे यांना त्याच्या मदतीस धाडले होते, हेही विसरू नये. आपल्या पाठीशी कोणी उभे आहे आणि उद्या आपल्याला त्याच्यासमोर उभे राहायचे आहे, या दोन्ही गोष्टी त्या किल्लेदाराला ठाऊक होत्या.

१८१८ च्या एप्रिलमध्ये त्र्यंबकच्या किल्लेदाराला यांपैकी काय ठाऊक होते? सातारचा किल्ला फेब्रुवारीतच गेला होता. २० फेब्रुवारीस आष्टीच्या रणात सेनापती बापू गोखले पडले, छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागले आणि पेशवे निसटले. १७ एप्रिलला वऱ्हाडात शिवणीपाशी कर्नल अॅडम्सने पेशव्यांच्या उरल्यासुरल्या सैन्याची दाणादाण उडवली. म्हणजे त्र्यंबकसमोर इंग्रजांच्या तोफा लागल्या तेव्हा, ज्याच्या नावाने हा गड राखायचा तो धनीच शेकडो कोस दूर, पळत होता.

त्यात एल्फिन्स्टनचा तो प्रसिद्ध जाहीरनामा. ११ फेब्रुवारी १८१८ रोजी साताऱ्यात निघालेला. त्याचा आशय असा, की जो दोन महिन्यांच्या आत बाजीरावाची चाकरी सोडून घरी परतेल त्याचे वतन, इनाम अबाधित राहील. न परतणाऱ्याचे जाईल. हा कागद मला त्या युद्धातील सर्वांत प्रभावी तोफ वाटतो. लढण्याची किंमत त्याने नेमकी ठरवून दिली, आणि न लढण्याचे बक्षीसही. समोरच्या बाजूला, न लढल्याबद्दल शासन करणारा कोणी उरलाच नव्हता.

याला पडताळा म्हणून मालेगाव पाहा. तेथील भुईकोट अरब शिबंदीने मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत लढवला. एक हल्ला सपशेल परतवला. इंग्रजांचे दोनशेहून अधिक लोक ठार वा जखमी झाले. ३ जूनला खुद्द बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला, तरी हे लढतच होते. अरब जात्याच शूर आणि आपले लोक भित्रे, असा निष्कर्ष काढणाऱ्यांना मी एवढेच विचारतो : त्या अरबांजवळ या मुलखात जप्त होण्याजोगे वतन होते काय? जाहीरनाम्यात त्यांच्यासाठी काहीच नव्हते.

आता वरच्या माणसाकडे येऊ. ५ नोव्हेंबर १८१७, खडकी. समोर इंग्रजांचे जेमतेम २,८०० लोक, आणि पेशव्यांची फौज त्याच्या कित्येक पट. बाजीराव पर्वतीवर. ग्रँट डफने नोंदवले आहे, की ऐन वेळी बाजीरावाने बापू गोखल्यांकडे निरोप धाडला : पहिली तोफ आपल्याकडून सुटता कामा नये. निरोप्या येताना दिसला, त्याने काय आणले असेल हे गोखल्यांनी ओळखले, आणि तो पोहोचण्याआधीच तोफांना बत्ती दिली. डफ हा एल्फिन्स्टनच्या हाताखालचा अधिकारी, बाजीरावाविषयी त्याला ममता असण्याचे कारण नाही. हे ध्यानात धरूनही हा प्रसंग त्या माणसाच्या उरलेल्या चरित्राशी तंतोतंत जुळतो.

त्या निरोपाचा अर्थ नीट पाहा. त्यात ‘लढू नका’ असे नाही, ‘लढा’ असेही नाही. जय मिळाला तर तो श्रीमंतांचा. अपयश आले तर ‘आम्ही बजावले होते’ म्हणायला जागा. माझ्या मते सावधपणा आणि चुकारपणा यांतली सीमा येथे आहे. सावध सेनानी माघारीचा हुकूमसुद्धा आपल्या नावाने देतो. चुकार माणूस असा हुकूम देतो, की त्याचा अर्थ निकालानंतर ठरवता यावा.

मग पूर्वीच्या काळी हे कसे सांभाळले जात असे? सभासदाच्या बखरीत गडाची व्यवस्था दिली आहे. हवालदार, सरनोबत, सबनीस असे तिघे बरोबरीचे अधिकारी. कारभार तिघांनी मिळून करायचा. एकट्याच्या भीतीने वा लोभाने गड जाऊ नये, ही त्यामागची दृष्टी उघड आहे. आणि गड गेलाच तर? १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने चाकणची गढी शायिस्ताखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने झुंजवली व अखेर दिली. महाराजांनी त्याला दूर लोटले नाही, भूपाळगड सांगितला. उलट १६६६ मध्ये पन्हाळ्याच्या हल्ल्याला वेळेवर न पोहोचलेल्या नेतोजी पालकरांची सरनौबती गेली. हरलेल्याला मान आणि वेळ चुकवणाऱ्याला बडतर्फी, यातला न्याय शिपायालाही कळण्याजोगा होता.

पण जाब विचारण्यालाही मर्यादा असते, आणि हे आपल्या आवडत्या कथांत सहसा सांगितले जात नाही. १६७३ मध्ये उमराणीजवळ प्रतापराव गुजरांनी कोंडीत सापडलेल्या बहलोलखानाला जाऊ दिले. महाराजांचा कठोर ठपका आला. त्याची परिणती २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत झाली. मोजक्या स्वारांनिशी प्रतापराव शत्रूवर तुटून पडले व मारले गेले. आपण त्यांच्या बलिदानापुढे नतमस्तक होतो, आणि व्हावेच. परंतु राज्याभिषेकाला सुमारे साडेतीन महिने उरले असता स्वराज्याने आपला सरनौबत गमावला, हा हिशेबही मांडायला हवा. ठपका जिव्हारी लागला की अनुभवी सेनापतीसुद्धा धोका तोलणे सोडून देतो.

दुसऱ्या बाजीरावाच्या राज्यात ना तो ठपका होता, ना तो न्याय. मामलती मक्त्याने जात. अधिकार्‍याने वरच्याला पैसा पोहोचवला की झाले. ज्याच्याकडून वर्षानुवर्षे केवळ रकमेचा हिशेब मागितला, तो संकटाच्या घडीलाही रकमेचाच हिशेब करणार. त्र्यंबकच्या परिसरातील सतरा किल्लेदारांनी तो केला. मी त्यांना निर्दोष म्हणत नाही. हरिहरच्या शिबंदीने चार दिवस तरी दार लावून बसावे, असे मलाही वाटते. पण दोषांची उतरंड लावायची तर सर्वांत वरचे मडके पर्वतीवरचे आहे. त्या मडक्याला शिक्षा काय झाली? सालिना आठ लाखांची नेमणूक आणि गंगाकाठी बिठूरचा निवास, थेट १८५१ पर्यंत.

विजयानंतर कॅप्टन ब्रिग्जने नाशिकचे किल्ले फिरून पाहिले; पुढे त्यांच्या वाटा व तट सुरुंगांनी उडवण्यात आले. हरिहरच्या पायऱ्या पाहून तोही थक्क झाला होता. दोनशे फूट उंच भिंतीला उभी शिडी लावावी, अशी त्याने त्यांची तुलना केली आहे. त्या पायऱ्या शाबूत आहेत. सुट्टीच्या दिवशी तेथे रांग लागते, तुमच्यापैकी अनेकांनी त्यांवर छायाचित्रे काढली असतील. १८१८ मध्ये मात्र त्या पायऱ्या लढून चढण्याची वेळ कोणावरही आली नाही.