पडद्यावरचे तुकोबा

दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला प्रभातचा ‘संत तुकाराम’ हा चित्रपट १९३६ साली प्रदर्शित झाला, तेव्हापासून मराठी मनात तुकोबांची जी मूर्ती ठसली, ती बहुतांशी त्यांची भूमिका करणाऱ्या विष्णुपंत पागनिसांची आहे. इतकेच नव्हे, तर या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी रचलेले एक पद साक्षात तुकोबांचाच अभंग म्हणून अनेकांच्या मुखी रुळले. कोणत्याही दरबारी फर्मानास न साधणारे हे सामर्थ्य मला वंदनीय वाटते, कारण आजारी लेकरासाठी प्रत्यक्ष विठोबालाच जाब विचारणारी, गौरी यांनी साकारलेली तुकोबांची पत्नी जिजाई पाहिल्यावर तिला केवळ कर्कशा म्हणण्यास जीभ धजत नाही. परंतु ज्याचा असा अंमल पिढ्यान्‌पिढ्या चालतो, त्या चरित्रपटाने अस्सल काय आणि नवरचित काय, याचा स्पष्ट खुलासा आरंभीच पडद्यावर केला पाहिजे.