स्क्रूला बसायला जागा

आपल्या मध्यमवर्गीय घरांत भोक पाडणे हे मुळी काम समजलेच जात नाही. दाराला कडी बसवायची असो की कपाटाला बिजागरी, सर्वांचे लक्ष स्क्रूवर! तो पितळी आणावा की लोखंडी, यावर तासभर खल होतो. भोक आपले कसेही. पुष्कळ ठिकाणी तर स्क्रू आधी हातोडीने निम्मा ठोकतात आणि मग उरलेला पिळतात. असा ठोकलेला स्क्रू लाकडाचे तंतू फाडीतच आत शिरतो. पुढे त्याच्या आट्यांना धरायला काही उरत नाही.

हे भोकशास्त्र यंदा मला जवळून पाहायला मिळाले ते आईच्या गुडघ्यांमुळे. पाटावर बसून पूजा करणे तिला जमेना, आणि खुर्चीत बसून देवांकडे वरून पाहणे तिला पटेना. तेव्हा वीतभर उंचीची सागवानी बैठक करायचे ठरले. उठताना तिचा सारा भार एकाच कडेवर येणार. बैठक डुगडुगली तर प्रकरण गुडघ्यांवरून खुब्यावर जायचे!

मिस्त्रींनी बसायची फळी खालच्या आडव्या पट्ट्यांवर ठेवली आणि एकेका स्क्रूसाठी तीनदा ड्रिल लावले. आठ नंबरचा स्क्रू म्हणजे दांडी सुमारे ४.२ मिलिमीटर जाड. पहिले भोक फळीतून पट्टीत, अवघे ३ मिलिमीटरचे. दुसऱ्या खेपेस फक्त फळीतले भोक त्यांनी साडेचारपर्यंत मोठे केले.

"मिस्त्री, वरचं भोक ढिलं का करता? दोन्हीकडे आटे बसले तर अधिक घट्ट नाही का?"

"प्रोफेसरसाहेब, दोघांनीही आटे पकडले तर दोघं आपापल्या जागी राहतील. मधली फट मिटायची कशी?"

किती सरळ गोष्ट! फळीत स्क्रू मोकळा फिरला पाहिजे. आटे रुतायचे ते फक्त खालच्या पट्टीत. मग स्क्रू आत जाताना त्याचे डोके फळीला खाली ओढते आणि दोन लाकडे एकमेकांना चिकटतात. बैठक डुगडुगते ती बहुधा त्या न मिटलेल्या फटीपायी.

"आणि डोकी वर राहू देऊ नका हो," आई आतून म्हणाली, "पातळ अडकतं."

त्यासाठी तिसरी खेप. शंकूसारखे टोक लावून भोकाचे तोंड उतरते करायचे. मिस्त्री याला 'काउंटर मारणे' म्हणतात. माझ्यातल्या मराठीच्या प्राध्यापकाने तिथल्या तिथे 'शिरोगर्त' हा प्रतिशब्द घडवला. मिस्त्रींनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि ड्रिल पुन्हा सुरू केले. मेट्रिक स्क्रूच्या चपट्या डोक्याखालचा उतार ९० अंशांचा असतो, अमेरिकेतल्या इंची स्क्रूचा ८२ अंशांचा. टोक त्याच कोनाचे हवे, नाहीतर डोके नुसते कडेवर टेकते. ड्रिल सावकाश फिरवायचे. घाई केली की टोक थरथरते आणि कड दातेरी होते. किती खोल गेले हे पाहायला मिस्त्रींनी स्क्रू उलटा धरून त्याचे डोके खळग्याच्या तोंडावर ठेवले. दोन्ही वर्तुळे जुळली, थांबले. आणखी खोल गेले तर डोक्याखाली लाकूडच कमी उरते, आणि ओढ सोसायची असते ती त्याच लाकडाला.

आईच्या हट्टाने स्क्रू पितळी आणले होते. पितळ मऊ, सागवानात पिळताना मान मोडायची भीती. म्हणून मिस्त्रींनी आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू मेणबत्तीवर घासून प्रत्येक भोकात पिळला, आटे पाडून घेतले, तो काढला आणि मग पितळी बसवला. आठ स्क्रूंना अर्धी सकाळ गेली.

आईने फळीवरून तळहात फिरवला, बसली, दोनदा उठून पाहिले. मग देवघरापुढच्या जुन्या पाटाकडे बोट दाखवून म्हणाली, "त्याचे खिळेही असेच खाली घ्या की."

"खिळ्यांचं काम निराळं असतं, आजी," मिस्त्री हत्यारे गोळा करीत म्हणाले, "तो रविवारी बघू."