गिरणीच्या जागेत पेठ वसवा

जळगाव स्टेशनाजवळची खान्देश मिलची जागा म्हणजे शहराची सर्वांत मोक्याची जमीन. 1870 च्या दशकात तिथे मूळजी जेठांची कापडगिरणी उभी राहिली. पुढे गिरणी गेली आणि त्या जागेवर खान्देश सेंट्रल आले. उद्या या जमिनीचा फेरविचार होईल, तेव्हा तिथे आणखी एक बंदिस्त संकुल नको. खाली दुकाने, वर घरे, जवळच दवाखाना आणि बालवाडी, अशी पायी फिरता येणारी पेठ हवी. या म्हणण्यावर जे आक्षेप घेतले जातात, त्यांचा आधी समाचार घेतो.

पहिला आक्षेप उन्हाचा. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, त्या गावात पायी कोण फिरणार? पण ऊन खरे भाजते ते मोकळ्या डांबरी पार्किंगमध्ये. उत्तर-दक्षिण गल्लीत दुपार कलली की पश्चिमेकडच्या घरांची सावली रस्त्यावर उतरते. वर हिरवी नेट ताणली, दुकानापुढे पत्र्याची पडवी काढली की बायका पोराबाळांसह खरेदी उरकतात. उन्हाला उत्तर सावलीचे आहे, आणि सावली अरुंद रस्ते व झाडे देतात.

दुसरा आक्षेप असा की हे परदेशी खूळ आहे. असे म्हणणाऱ्यांनी एकदा धुळ्याला जावे. 1819 मध्ये कॅप्टन ब्रिग्जने धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले, तेव्हा गावात 401 घरे आणि 2,509 माणसे होती. त्याने सरळ रेषेत रस्ते आखले, व्यापारी-कारागिरांना बोलावून जागा दिल्या. त्या गल्ल्या आजही नंबरानेच ओळखल्या जातात. राजवाडे संशोधन मंडळाचा पत्ता गल्ली नंबर 1 असाच आहे. एकाच गल्लीत ओट्यावर बसलेली आजी, खाली कापडाचे दुकान, वर बिऱ्हाड, चार घरे सोडून वाचनालय. आखणी इंग्रज अधिकाऱ्याची खरी, पण दोनशे वर्षे ती वापरून आपली केली धुळेकरांनी. ही गोष्ट खान्देशाला नवी नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. एवढी महाग जमीन रस्त्यांना देऊन मालकाला काय उरणार? अमेरिकेत कोलोरॅडोतल्या लेकवूडला 1966 चा व्हिला इटालिया मॉल बंद पडला. तो पाडून सुमारे 100 एकरांवर रस्त्यांचे जाळे आखले आणि 2004 पासून बेलमार नावाची वस्ती उभी राहिली. रस्ते काढल्याने जमिनीला दर्शनी बाजू वाढते, आणि दर्शनी गाळ्याला भाव येतो हे आपल्या कुठल्याही व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. उलट उदाहरण मुंबईचे. 1991 च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: मोकळ्या जागेसाठी पालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी रिकाम्या जमिनीपुरतीच उरली. परळ भागात मॉल आणि कचेऱ्या आल्या, चालणाऱ्याची वाट मात्र रुंदावली नाही. 29 सप्टेंबर 2017 ला तिथल्याच एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर 23 माणसे चेंगरून मेली. ही किंमत कुठल्याच हिशेबात धरली गेली नव्हती.

पार्किंगचे म्हणाल, तर गाड्या कडेला एका इमारतीत लावाव्यात आणि आत पायी जावे. सराफ बाजारात लाखोंची खरेदी करणारा माणूसही शेवटी चालतच दुकानात शिरतो.

माझा आग्रह मुख्यतः एका गोष्टीचा आहे: या जागेतून जाणारे रस्ते महापालिकेच्या नावावर हवेत. खासगी आवारातल्या वाटेवर रात्री फाटक लागते, भाजीवालीला हुसकले जाते, म्हाताऱ्याला बसायला बाक मिळत नाही. रस्ता सार्वजनिक असला की तिथे सगळ्यांचा हक्क असतो. आणि वरच्या मजल्यांवर त्याच दुकानांत काम करणाऱ्यांना परवडतील अशीही घरे असलीच पाहिजेत.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, 1966 प्रमाणे प्रारूप विकास योजनेवर कोणीही नागरिक लेखी हरकत व सूचना देऊ शकतो. जळगावकरांनो, ती वेळ येईल तेव्हा गप्प बसू नका. अर्जात एवढे तरी लिहा: खान्देश मिलच्या जागेतून आरपार जाणारे सार्वजनिक रस्ते आखा.