सवलत मिळते, विज्ञान शाखा मात्र दुरावते
अध्ययन अक्षमता असलेल्या हुशार विद्यार्थ्यांची कोंडी

गंगापूर, प्रतिनिधी : तोंडी गणित वर्गात सर्वांआधी सोडवणारा, पण उतारा वाचताना अडखळणारा आणि लिहिताना काना-वेलांटी हमखास चुकवणारा विद्यार्थी बहुतेक शिक्षकांच्या परिचयाचा असतो. 'हुशार आहे, पण आळशी' असा शेरा मारला की विषय संपतो. या मुलांपैकी काहींना अध्ययन अक्षमता असते. तिचा बुद्धिमत्तेशी संबंध नाही. आपली व्यवस्था मात्र अक्षमता आणि हुशारी एकाच मुलात असू शकतात, हे धरूनच चालत नाही.

हुशार मुले हेरण्याची राज्यातील पहिली चाळणी म्हणजे शिष्यवृत्ती परीक्षा. तिच्या प्रत्येक पेपरमध्ये 75 प्रश्न आणि वेळ दीड तास, म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. संथ वाचणाऱ्या मुलाचा निम्मा वेळ प्रश्न समजून घेण्यातच जातो. दिव्यांगांच्या लेखी परीक्षांसाठी केंद्राने तासाला किमान 20 मिनिटे जादा वेळेचे सूत्र दिले आहे. ते येथे लावल्यास प्रत्येक प्रश्नाला 96 सेकंद मिळतील. प्रश्न तेच, कस तोच.

राज्य शासनाने अशा विद्यार्थ्यांना 1996 मध्ये प्रथम सवलती मान्य केल्या. त्यांत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष या सवलती परीक्षेतील अडथळा दूर करतात. भाषा विषयातून सूट किंवा दहावीला गणिताऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित या सवलती अभ्यासक्रमच हलका करतात. ज्याला गणित खरोखर जड जाते, त्याला या पर्यायाने दिलासा मिळतो, हे मान्य. पण ज्याची अडचण केवळ वाचनाची आहे, त्याच्या पालकांनी उत्तीर्ण होण्याच्या धास्तीने तोच पर्याय घेतला, तर अकरावीत विज्ञान शाखेचे गणित त्याला झेपणार कसे?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा 21 दिव्यांगत्वांत समावेश केला. उच्च शिक्षणात पाच टक्के आरक्षण आले. जेईई अॅडव्हान्स्डमध्ये दिव्यांग उमेदवारांना तीन तासांच्या प्रत्येक पेपरला एक तास जादा मिळतो. वैद्यकीय प्रवेशाबाबत सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात स्पष्ट केले, की केवळ टक्केवारीवरून अपात्र ठरवता येणार नाही; तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का, हे तपासले पाहिजे. ते प्रकरण वाचा-दोषाचे होते, पण तत्त्व येथेही लागू पडते.

म्हणजे वरच्या टोकाला दार उघडले आहे. अडते ते खाली. प्रमाणपत्रासाठी बालरोगतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञांची तपासणी लागते आणि त्यासाठी गंगापूरच्या पालकांना 35-40 किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. एका खेपेत काम झाले तर नशीब! रोजंदारीवरील बापाची मजुरी प्रत्येक खेपेला बुडते. निदान प्राथमिक चाळणी तरी शाळेतच व्हावी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 मध्ये 'डाली' ही चाचणी आणली. ती मराठीतही आहे, शिक्षकांना वापरता येते. ती तिसरीतच झाली, तर शिष्यवृत्तीच्या अर्जाआधी मुलाची अडचण कागदावर आलेली असेल.