नामदेव माळी

उर्दूत ज्याला आपण खाका म्हणतो, त्याला मराठीत व्यक्तिचित्र म्हणतात. दरबारी चित्रकारांनी बादशहांची चित्रे काढली. मौलवी अब्दुल हक यांनी मात्र औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बीबीच्या मकबऱ्यातील नामदेव माळ्यावर लिहिले. पाण्याची टंचाई असताना त्याने लांबून पाणी आणून रोपे जगवली. बक्षीस देऊ केले, ते घेतले नाही. स्वतःची मुले वाढवण्याचे बक्षीस कसले? यावरून त्याचा स्वभाव कळतो. लोक त्याची जात हलकी मानत. लेखकाने तेही सांगितले, म्हणून त्या वेळचा समाजही कळतो. माझ्या मते, सामान्य माणसांची व्यक्तिचित्रे अधिक लिहिली पाहिजेत. तुमच्या शाळेच्या शिपाईकाकांवर चार ओळी लिहाल का?