विश्लेषण : पोलिसांच्या छातीवरचा कॅमेरा शिक्षक होऊ शकतो का?

पोलिसाने गाडी अडवली की त्याच्या तोंडून निघणारे पहिले ४५ शब्द महत्त्वाचे ठरतात. प्रकरण झडती, बेड्या किंवा अटकेपर्यंत जाणार का, याची चाहूल त्यातच लागते, असे अमेरिकेत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. कृष्णवर्णीय चालकांना अडवल्याच्या ५७७ प्रसंगांचे बॉडी कॅमेऱ्यातील संभाषण त्यासाठी तपासले गेले. चिघळलेल्या प्रसंगांत पोलिसाने सुरुवातीलाच हुकूम सोडलेला असण्याची आणि गाडी का थांबवली हे न सांगितलेले असण्याची शक्यता जास्त होती.

कॅमेरा लावला की वागणूक सुधारते?

कॅलिफोर्नियातील रिआल्टो शहरात २०१२ च्या प्रयोगानंतर तक्रारी जवळपास ९० टक्क्यांनी घटल्या आणि कॅमेऱ्यांचा बोलबाला झाला. मात्र वॉशिंग्टन डीसीत दोन हजारांहून अधिक पोलिसांवर झालेल्या प्रयोगात बळाचा वापर किंवा तक्रारी यांत लक्षणीय फरक आढळला नाही. हे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. यात नवल नाही. सर्व्हर कोसळल्यावरच लॉग उघडणाऱ्या टीमसारखीच ही गत. वाद झाला तरच चित्रण पाहायचे, एरवी ते साठवणीत पडून.

मग उपयोग कसा करायचा?

ओकलंड पोलिसांनी संवादाचे प्रशिक्षण दिले. त्याचा परिणाम लेखी परीक्षेतून नव्हे, तर आधीच्या आणि नंतरच्या ६१५ वाहन-तपासण्यांच्या चित्रणातून मोजला गेला. प्रशिक्षणानंतर अधिकारी कारण अधिक वेळा सांगू लागले, चालकाला धीर देऊ लागले.

वर्गात मात्र चित्रफीत शेवटापर्यंत दाखवून चालणार नाही. निकाल कळल्यावर सगळेच शहाणे होतात. ती मध्येच थांबवून ‘आता तुम्ही काय कराल?’ हे विचारायला हवे. शिवाय कॅमेरा छातीवर असतो, डोळ्यांत नाही. पोलिसाला जे दिसले ते त्यात असेलच असे नाही. आणि वर्गातली चूक उद्या खातेनिहाय चौकशीत येणार असेल, तर तोंड उघडणार कोण?

आपल्याकडे काय?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रण बंधनकारक आहे. ते दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे असते; प्रशिक्षणाचा उल्लेख कलमात नाही. खटला संपल्यावर चेहरे आणि नावे झाकून त्यातली निवडक चित्रणे नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीतील वर्गात दाखवता येतील. त्यासाठी आधी नियम करावा लागेल.